आइस हॉकी श्रीमंतांची कशी झाली आणि त्यातून खानदेशाने काय घ्यावे

जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन या वाळवंटी शहरात महिलांची आशिया चषक आइस हॉकी स्पर्धा झाली आणि भारताच्या संघाने तिथे कांस्यपदक मिळवले. संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, काही हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातल्या. या खेळाचे माहेर मानल्या जाणाऱ्या कॅनडा-अमेरिकेत मात्र गेली काही वर्षे वेगळीच चिंता चालू आहे. नव्या पिढीतली मुले, त्यातही स्थलांतरितांच्या आणि बेताच्या उत्पन्नाच्या घरांतली, रिंककडे, म्हणजे बर्फाच्या मैदानाकडे, फारशी वळत नाहीत, आणि खेळाच्या चालकांचा कल याला खेळाची प्रतिमा जबाबदार धरण्याकडे आहे. हा खेळ महागडा, मारामारीचा आणि गोऱ्यांचा समजला जातो. तेव्हा जाहिराती करा, वेगवेगळ्या वंशांच्या खेळाडूंची छायाचित्रे झळकवा, लोकांचे मत बदला, म्हणजे मुले येतील, असा एकूण सूर असतो. मला हे निदान उलटे वाटते. खेळाची प्रतिमा त्याच्या जमाखर्चातून आणि कारभारातून घडते, जाहिरातीतून घडत नाही. पैसे कोण भरतो, मैदान कोणाच्या ताब्यात आहे आणि निवड कोणत्या वयात होते, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली तर प्रतिमा मागोमाग बदलते. हे खानदेशात बसून लिहिण्याचे कारण असे की आपल्याकडचे खेळही याच वाटेला लागले आहेत आणि अजून वेळ गेलेली नाही.

भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंश ओलांडतो, तिथे बर्फावरच्या खेळाची चर्चा कशाला, अशी शंका वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. या खेळाच्या आड हवामान येते ही समजूत आधी बाजूला ठेवली पाहिजे. २०१६ साली उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक मिळवलेला ऑस्टन मॅथ्यूज लहानाचा मोठा झाला तो ॲरिझोनाच्या वाळवंटात, जिथला उन्हाळा आपल्या उन्हाळ्याला हार जाणारा नाही. १९९६ मध्ये तिथे एक व्यावसायिक संघ आला, त्याच्यामागे रिंक आले आणि त्या रिंकवर एक पिढी खेळू लागली. रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करणारे जे यंत्र जगभर झांबोनी या नावाने ओळखले जाते, तेही कॅनडात जन्मलेले नाही. कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावी फ्रँक झांबोनी यांनी ते १९४९ मध्ये तयार केले. त्यांचे कुटुंब बर्फाच्या लाद्यांच्या धंद्यात होते; शेतमाल रेल्वेने दूर पाठवताना त्या लाद्या लागत. यांत्रिक शीतकरण आल्यावर लाद्यांची मागणी घटली, तेव्हा हाताशी असलेली विद्या वापरून त्यांनी १९४० मध्ये स्केटिंगचा रिंक काढला. सावदा-रावेरहून केळीचे रॅक दिल्लीला जाताना पाहिलेल्या माणसाला या गोष्टीत परके काही वाटू नये.

रिंकची रचनाही आपल्या भागाला अनोळखी नाही. काँक्रीटच्या थरात नळ्यांचे दाट जाळे बसवलेले असते. अमोनियावर चालणारा कॉम्प्रेसर मिठाचे पाणी किंवा ग्लायकॉल गोठणबिंदूच्या बराच खाली नेतो आणि ते त्या नळ्यांतून अखंड फिरत राहते. वर पाण्याचे पातळ थर एकावर एक फवारून गोठवतात. सगळा मिळून बर्फ जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर जाड, तापमान उणे पाच अंशांच्या आसपास, आणि क्षेत्र साठ मीटर लांब व सव्वीस ते तीस मीटर रुंद. ज्यांनी फैजपूर-सावद्याकडे कोल्ड स्टोरेज किंवा केळीचे रायपनिंग चेंबर चालवले आहे, त्यांना हे तंत्र पाच मिनिटांत कळेल आणि सहाव्या मिनिटाला ते विजेचे बिल विचारतील. प्रश्न बरोबर आहे. कोणी खेळो न खेळो, बर्फ चोवीस तास गोठलेला ठेवावा लागतो, त्यामुळे या खेळात मैदानाचे तासावर भाडे लागते. आइस हॉकीचे पुढचे बरेचसे दुखणे या भाड्यापासून सुरू होते. पण ते भाडे पालकाच्या खिशातूनच गेले पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. स्वीडनमध्ये बर्फाच्या सभागृहांचा मोठा भाग नगरपालिकांच्या मालकीचा आहे; वीज तिथेही फुकट नाही, तिचा भार मात्र वाटला जातो.

हा खेळ मुळात श्रीमंतांचा नव्हता, हे फार लवकर विसरले गेले. विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला जाणारा गॉर्डी हाव १९२८ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात जन्मला आणि जागतिक मंदीच्या काळात सस्कटूनमध्ये वाढला. दारोदार फिरून जुने सामान विकणाऱ्या एका गरजू बाईकडून त्याच्या आईने घेतलेल्या पोत्यात स्केटची एक जोडी निघाली, आणि एकेक स्केट पायात घालून तो आणि त्याची बहीण बर्फावर उतरले, ही हकीकत कॅनडात सर्वांना पाठ आहे. तेव्हा गोठलेली तळी आणि नदीचे काठ सार्वजनिक होते, खेळायला कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि निवड व्हायचीच तर ती खेळाखेळात होत होती. पुढे खेळ छपराखाली गेला, बारमाही झाला, तासाने विकला जाऊ लागला. मग निवडक मुलांचे फिरते संघ निघाले, ते दर आठवड्याअखेर शेकडो किलोमीटर प्रवास करू लागले, उन्हाळी शिबिरे आली, खासगी प्रशिक्षक आले, खासगी अकादम्या आल्या. अमेरिकेतल्या ॲस्पेन इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये एकवीस खेळांची पाहणी केली, तेव्हा एका मुलामागे वर्षाला सर्वांत जास्त खर्च आइस हॉकीत निघाला: सरासरी २,५८३ डॉलर. सर्वांत स्वस्त होते मैदानी खेळ, म्हणजे धावणे-उड्या-फेकी, अवघे १९१ डॉलर. त्याच पाहणीत सगळे खेळ मिळून पाहिले तर खर्चाची सर्वांत मोठी बाब प्रवासाची निघाली, हे मला बर्फाच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटते. बर्फाला पर्याय नाही. दहा वर्षांच्या मुलाने सामन्यासाठी दुसऱ्या राज्यात जाण्याला मात्र नक्कीच आहे. खर्चाचा बराच भाग असा मोठ्यांच्या हौसेने चढवलेला आहे, आणि पुढे खेळाच्या स्वभावाचा भाग म्हणून तोच मुकाट्याने मान्य केला जातो.

दहा-बारा वर्षांच्या एका मुलाला खेळायला उतरवायचे तर काय काय लागते ते पाहावे. जाळीचे शिरस्त्राण, दातांचे संरक्षक, मानेचा पट्टा, खांद्याचे आणि कोपराचे पॅड, जाड हातमोजे, आतून गादी असलेली अर्धी विजार, नडगीचे संरक्षक, काठी आणि स्केट. गोलरक्षकाचा संच याहून वेगळा आणि महाग. वरच्या दर्जाच्या स्केटची जोडी हजार डॉलरच्या पुढे जाते, आणि वाढत्या वयाचा पाय एका मोसमात तिच्यात मावेनासा होतो. मानेचा पट्टा कालपरवापर्यंत अनेक ठिकाणी ऐच्छिक होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात ॲडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूचा स्केटचे पाते मानेला लागून मृत्यू झाला आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने तो सक्तीचा केला. ती सक्ती योग्यच आहे. मात्र सुरक्षिततेची प्रत्येक नवी वस्तू यादीत शिरताना तिची किंमतही पालकाच्या नावावर शिरते. मंडळाने किंवा शाळेने सामायिक किट ठेवले, मुलाने मोसमापुरते नेले आणि परत आणून दिले, तर ही यादी एवढी भीतिदायक उरत नाही. हॉकीची जुनी गावे हे पूर्वी करत असत आणि काही आता पुन्हा करू लागली आहेत.

पैशाइतकीच पक्की दुसरी भिंत आहे ती लवकर निवडीची, आणि तिच्याविषयी फारच कमी बोलले जाते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की वरच्या स्तरावरच्या हॉकीपटूंत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचे प्रमाण वर्षअखेरीस जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. कारण साधे होते. वयोगटाची सीमा १ जानेवारीला धरली जाई, त्यामुळे नऊ वर्षांच्या गटात जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, अंगाने थोराड आणि म्हणून चांगला दिसे. तो निवडला जाई, त्याला बर्फावर जास्त वेळ मिळे, चांगला प्रशिक्षक मिळे, आणि चार वर्षांनी तो खरोखरच चांगला झालेला असे. डिसेंबरातला मुलगा तोवर घरी गेलेला असे. आपल्याकडे हा हिशेब जरा निराळ्या अंगाने चालतो. खेड्यातल्या जुन्या दाखल्यांवर निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून असते, हे कोणत्याही गुरुजींना विचारावे. आणि वयोगटाच्या स्पर्धांत दाखल्यावरचे वय व दाढीवरचे वय यांचा मेळ बसत नाही, हे कोणत्याही पंचाला. कागद खरा असो की खोटा, नऊ-दहा वर्षांच्या मुलांत विजेते शोधण्याचा उद्योग थांबत नाही तोवर उशिरा वाढणारी मुले गळतच राहणार. नॉर्वेने यावर नियम करून ठेवला आहे. तिथे सर्वच खेळांत अकरा वर्षांखालच्या मुलांच्या गुणतक्त्यांना परवानगी नाही आणि तेरा वर्षांखालच्यांना राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. अशाने खेळाडू मवाळ निपजतात म्हणावे, तर हिवाळी ऑलिंपिकच्या पदकतक्त्यात तो चिमुकला देश वारंवार पहिला असतो.

आता प्रतिमेकडे वळू, कारण ती निव्वळ पैशाची गोष्ट आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. विली ओरी हा एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टनकडून बर्फावर उतरला. त्याच्यानंतरचा दुसरा, माइक मार्सन, आला १९७४ मध्ये. मधली सोळा वर्षे खर्चाच्या तक्त्याने समजावता येत नाहीत. ती दार बंद ठेवल्याचीच वर्षे होती. २०२२ मध्ये लीगने स्वतःच्या आणि संघांच्या कर्मचाऱ्यांची पहिली सामाजिक पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतले ८३.६ टक्के गोरे निघाले. २०१९ च्या नोव्हेंबरात अकीम अलिउ या नायजेरियन वंशाच्या खेळाडूने आपल्या एका जुन्या प्रशिक्षकाच्या वांशिक शिवीगाळीबद्दल जाहीरपणे सांगितले आणि त्या प्रशिक्षकाला एनएचएलमधले पद सोडावे लागले. तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये काय चालते याची चर्चा उघडपणे झाली. अशा खोलीत आपल्या मुलाला पाठवायला कोणताही सुज्ञ पालक दहा वेळा विचार करील, फी माफ असली तरीही.

याच संदर्भात भारतीयांच्या जवळचे उदाहरण पंजाब्यांचे आहे. रॉबिन बावा हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू १९८९ मध्ये एनएचएलमध्ये खेळला, आणि २००८ पासून कॅनडात या सामन्यांचे पंजाबी समालोचन सुरू झाले. हरनारायण सिंग यांच्या त्या समालोचनाने चमत्कारच केला असे म्हटले पाहिजे: एकही सामना न पाहिलेल्या आज्या नातवंडांबरोबर दूरचित्रवाणीसमोर बसू लागल्या. तेव्हा प्रतिमा बदलता येते, यात वाद नाही. तरी समालोचन ऐकणारे घर आणि मुलाला रिंकवर नेणारे घर यांच्यात अंतर उरतेच, आणि ते भाषेने तुटत नाही. पहाटे पाच वाजता मुलाला सरावाला सोडून कामाच्या पाळीवर जाणारा बाप हवा, गाडी हवी, दोन-अडीच हजार डॉलर हवेत. प्रतिमा बदलण्याचे काम समालोचकाने चोख बजावले. त्यापुढचे काम ज्यांचे होते ते जाहिराती काढत बसले.

ज्यांच्याकडे तिजोरी होती त्यांनी प्रतिमेचे किती नुकसान केले, याचा दाखला कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे हॉकी कॅनडाने, २०२२ मध्ये दिला. २०१८ च्या कनिष्ठ विश्वविजेत्या संघातल्या खेळाडूंवर एका तरुणीने लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता आणि संघटनेने तो दावा गुपचूप तडजोडीने मिटवला, हे त्या वर्षी मे महिन्यात उघड झाले. पाठोपाठ असे कळले की या प्रकारच्या दाव्यांसाठी वापरलेल्या निधीत मुलांच्या नोंदणी शुल्काचा पैसा जात होता. सरकारने अनुदान गोठवले, मोठे प्रायोजक बाजूला झाले आणि ऑक्टोबरात मुख्याधिकाऱ्यासह सारे संचालक मंडळ पायउतार झाले. पुढे जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने पाचही आरोपी खेळाडूंना निर्दोष ठरवले, हेही नोंदवले पाहिजे. पण पालकांचा संताप मुख्यतः त्या रात्रीबद्दल नव्हता. पोराच्या फीमधून भरलेला पैसा आपल्याला न सांगता कशासाठी खर्च होतो, असा त्यांचा प्रश्न होता, आणि खटल्याच्या निकालाने त्याचे उत्तर मिळाले नाही. याच्या उलट, प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देण्याबाबत खेळाने स्वतःला सुधारलेही. अकरा-बारा वर्षांच्या गटात धडकेला मुभा असेल तिथे मेंदूला हादरा बसण्याचा धोका तिपटीहून अधिक असतो, असे २०१० मधल्या एका कॅनेडियन अभ्यासात दिसले. अमेरिकेने २०११ पासून आणि कॅनडाने २०१३ पासून त्या गटात धडक बंद केली. धडक काढली तर खेळ नामर्दांचा होईल, अशी ओरड तेव्हा भरपूर झाली होती.

लडाखमध्ये ही सगळी गोष्ट जणू उलट्या बाजूने घडली. तिथे हिवाळ्यात तळी आपोआप गोठतात, त्यामुळे मैदानाला भाडे नव्हते. लष्करातल्या जवानांनी आणि स्थानिक तरुणांनी बुटांना पाती बसवून सुरुवात केली. १९८५ मध्ये लडाख विंटर स्पोर्ट्स क्लब निघाला. सामान बाहेरून आलेले, वापरलेले, एकमेकांत फिरणारे. हा खेळ श्रीमंतांचा आहे असे लेहमधल्या मुलाला कोणी सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही घडलेच नव्हते. मुलींसाठी मात्र तिथेही दार सहज उघडले नाही. मुलांचा खेळ आटोपल्यावर उरलेला वेळ त्यांचा, मुलांनी काढून दिलेले स्केट त्यांचे. २०१६ मध्ये महिलांचा राष्ट्रीय संघ प्रथम उभा राहिला. पुढच्या वर्षी बँकॉकच्या स्पर्धेला जाण्यासाठी लोकवर्गणी काढावी लागली, आणि तिथे फिलिपिन्सला ४-३ असे हरवून त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. मला यातून लडाखचे गोडवे गायचे नाहीत. नैसर्गिक बर्फ वर्षातून दोनेक महिने टिकतो, तो कालावधीही आक्रसतो आहे, आणि वरच्या दर्जाचा खेळ त्यावर उभा राहू शकत नाही. म्हणून लेहमध्येही कृत्रिम रिंक बांधावा लागला. माझा मुद्दा एवढाच की मैदान सर्वांचे आणि सामान सामायिक असले तर खेळाला आधी खालून माणसे मिळतात आणि कौतुक नंतर येते.

आपल्या जिल्ह्यांतून बर्फाकडे जाणारी वाट सध्या तरी चाकांवरच्या स्केटिंगमधून जाते. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राचे स्केटर पदके मिळवतात, आणि त्यांची घडण रोलर स्केटिंगवर झालेली असते. जळगाव, धुळे, भुसावळ इथे संध्याकाळी कॉलनीच्या मोकळ्या जागेत शंकू मांडून चालणारे स्केटिंगचे वर्ग नवे नाहीत. सुरुवातीला मुलांच्या पायांत नट सैल करून लांबी वाढवता येणारे चार चाकांचे स्केट असतात. एकच जोडी तीन-चार वर्षे पुरते, मग धाकट्या भावंडाकडे, तिथून शेजाऱ्याकडे जाते. पण सर ज्या दिवशी सांगतात की आता इनलाइन, म्हणजे एका रांगेतल्या चाकांचे स्केट, घ्या, बूट वेगळा, फ्रेम वेगळी, चाके वेगळी, त्या दिवशी वर्गातली निम्मी मुले शांतपणे यायची थांबतात. ती का थांबली हे कोणी विचारत नाही. आवड कमी पडली अशी नोंद होते.

महाराष्ट्रात अशा अपरिचित खेळांना आणखी एक डाग लागला आहे, जो कॅनडाला माहीत नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दोन्ही तरतुदी चांगल्या हेतूच्या आहेत आणि खेड्यातल्या कित्येक मुलांचे त्यांनी खरेच भले केले आहे. पण ज्या खेळात स्पर्धक थोडे, त्यात राज्यस्तरीय प्रमाणपत्र सोपे, हे गणित लोकांनी लवकर ओळखले. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजली, चौकश्या झाल्या, नियुक्त्या अडचणीत आल्या. परिणामी एखाद्या घरात मुलगी नवा खेळ शिकते म्हटले की पाहुणे पहिला प्रश्न विचारतात तो किती टक्के मिळतात हा. जी मुलगी मनापासून खेळते तिला हा प्रश्न फीपेक्षा जास्त टोचतो, आणि तिच्या खेळाविषयीची ही समजूत खोटी आहे असे म्हणण्याची सोयही कारभाऱ्यांनी ठेवलेली नाही. संघटनांनी आपापल्या स्पर्धेत प्रत्यक्ष किती संघ उतरले, किती सामने झाले याची यादी जाहीरपणे लावली असती, तर हा संशय इतका फोफावला नसता.

जळगावला रिंक बांधा, अशी मागणी मी करणार नाही. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय मापाचा रिंक उभा राहिला, स्पर्धा झाल्या आणि मग चालवण्याचा खर्च परवडेना म्हणून तो वर्षानुवर्षे बंद पडून राहिला. अलीकडे २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, हा अनुभव घ्यायला आपल्याला डेहराडूनला जाण्याची गरज नाही, तालुक्याचे क्रीडा संकुल पुरेसे आहे. मात्र आइस हॉकीचे तासावर विकलेले मैदान आपल्याकडे वेगळ्या रूपात आलेच आहे. शाळांची पटांगणे भिंतींनी आणि वाहनतळांनी खाल्ली, आणि त्यांच्या जागी हमरस्त्याकडेला हिरवे टर्फ, जाळी आणि रात्रीचे दिवे आले. दिवसा ऊन असह्य होते म्हणून रात्री खेळणे शहाणपणाचेच आहे आणि टर्फ चालवणाऱ्याचा धंदाही चुकीचा नाही. पण क्रिकेटसारखा गल्लीतला खेळ जेव्हा तासाच्या भाड्यावर जातो, तेव्हा दहा मित्रांत वर्गणी देऊ न शकणारा अकरावा मुलगा हळूहळू बोलावला जात नाही. वीस वर्षांनी आपणही क्रिकेट श्रीमंतांचे का झाले यावर परिसंवाद भरवू. याउलट कुस्तीचे पाहा. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणली. खुराकाचा खर्च कुस्तीलाही जबर लागतो, पण तालमीच्या मातीला तासाचे भाडे नसते, आणि पोराच्या खुराकाला गाव हात लावते.

पैसा हा एकच अडसर असता तर जगातला सर्वांत स्वस्त खेळ, धावणे, आपल्याकडे सर्वांत भरभराटीला आला असता. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांत अनवाणी धावूनही डोळ्यांत भरणाऱ्या मुली दर वर्षी दिसतात. शाळांच्या स्पर्धा पावसाळ्याच्या उत्तरार्धात तालुक्यापासून सुरू होतात आणि हिवाळ्यात विभाग व राज्य पातळीवर पोचतात. नेमक्या त्याच सुमारास, दिवाळीनंतर, सातपुड्यातली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. सुट्टीसाठी घरी गेलेली मुलगी आईबापांबरोबर पाड्यावरून उसाच्या फडावर जाते आणि होळीच्या आधी परतत नाही. निवड यादीत तिच्या नावापुढे गैरहजर असे लिहिले जाते. उत्तर अमेरिकेतला डिसेंबरात जन्मलेला मुलगा आणि ही मुलगी यांना वगळणारी वेळापत्रके वेगळी आहेत, पण दोन्ही वेळापत्रके मोठ्यांनी कार्यालयात बसून ठरवलेली आहेत. आदिवासी विकास विभागाला यासाठी नवे क्रीडा धोरण नको. तालुका पातळीवर निवडल्या गेलेल्या मुलांपुरती वसतिगृहे दिवाळीच्या सुट्टीतही उघडी ठेवावीत, तिथे जेवण आणि एक शिक्षक असावा, आणि मुलगी राहिल्यामुळे घरात कमी पडणाऱ्या दोन हातांची मजुरी काही अंशी भरून निघेल एवढा भत्ता तिच्या घरी जावा. हा खर्च एका टर्फच्या दिव्यांपेक्षा फार मोठा होईल असे मला वाटत नाही.